पाच जुळल्या, सहावी फसली : ४२९४९६७२९७ ची गोष्ट

४२९४९६७२९७ ही संख्या आपल्या पद्धतीने वाचायची तर चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. दिसायला तशी साधीच. पण हिच्याबाबत सतराव्या शतकातल्या एका थोर गणितज्ञाचा अंदाज साफ चुकला, आणि तो चुकला हे कळायला ९२ वर्षे जावी लागली. चूक पकडायला लागणारे गणित मात्र आठवी-नववीच्या मुलांना समजेल इतके सोपे आहे. म्हणूनच ही संख्या वर्गात नेण्याजोगी आहे.

संख्या येते कुठून?

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट सर्वांना माहीत असते. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे प्रत्येक घरात दुप्पट करत जायचे. अर्धा पट, म्हणजे ३२ घरे संपली की ३३ व्या घरात येतात ४२९४९६७२९६ दाणे. हा २ चा ३२ वा घात. त्यात एक दाणा मिळवला की आपली संख्या तयार होते.

एक मिळवायचे कारण काय? २ च्या घातांना २ शिवाय दुसरा मूळ अवयवच नसतो. एक मिळवला की सगळे चित्र बदलते. पहिल्या ते आठव्या घातात १ मिळवून पाहू या:

३, ५, ९, १७, ३३, ६५, १२९, २५७.

यांपैकी ३, ५, १७ आणि २५७ या मूळ संख्या आहेत. त्यांचे घातांक १, २, ४ आणि ८. बाकीच्या सगळ्या संयुक्त आहेत. हा योगायोग नव्हे. घातांकाला १ पेक्षा मोठा विषम विभाजक असेल तर संख्येचे अवयव पडलेच पाहिजेत. उदाहरणार्थ, घातांक ६ घ्या. ६ = २ × ३, म्हणून २ चा सहावा घात म्हणजे ४ चा घन. आता अ चा घन अधिक १ याला (अ + १) ने नेहमी भाग जातो. म्हणून ६५ ला ५ ने भाग गेला. घातांक १२ असेल तर तो १६ चा घन; म्हणून ४०९७ ला १७ ने भाग जातो आणि ४०९७ = १७ × २४१. घनाऐवजी पाचवा, सातवा असा कोणताही विषम घात असला तरी (अ + १) हा अवयव मिळतोच.

म्हणजे मूळ संख्या हवी असेल तर घातांकाला विषम विभाजक चालणार नाही. घातांक १, २, ४, ८, १६, ३२ असाच हवा. अशा घातांकांनी मिळणाऱ्या संख्यांना आज 'फर्मा संख्या' म्हणतात:

३, ५, १७, २५७, ६५५३७, ४२९४९६७२९७, …

येथे एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्यायला हवी. 'संख्या मूळ असेल तर घातांक असा असतो' हे आपण दाखवले. 'घातांक असा असेल तर संख्या मूळ असते' हे आपण दाखवलेले नाही. हा पहिल्या विधानाचा व्यत्यास आहे, आणि विधान खरे म्हणून व्यत्यास खरा असे कधीच धरता येत नाही.

फर्माची अटकळ

पिएर द फर्मा हा फ्रान्समधील तुलूझच्या न्यायालयात काम करणारा विधिज्ञ. गणित हा त्याचा छंद, पण संख्याशास्त्रात त्याच्या तोडीचा माणूस त्या काळात युरोपात नव्हता. १६४० साली त्याने पत्रातून कळवले की या मालिकेतल्या सगळ्या संख्या मूळ आहेत अशी आपली खात्री पटत चालली आहे. सिद्धता मात्र आपल्यापाशी नाही, हेही त्याने मान्य केले होते.

खात्री वाटण्यासारखी स्थिती होतीच. पहिल्या पाच संख्या खरोखर मूळ आहेत. पाचवी ६५५३७. तिचे वर्गमूळ २५६ पेक्षा किंचित मोठे, म्हणून २५६ पर्यंतच्या ५४ मूळ संख्यांनी भागून पाहिले की ती मूळ असल्याचे सिद्ध होते. एका दुपारचे काम.

सहाव्या संख्येचे वर्गमूळ मात्र ६५५३६ च्या जरासे पुढे आहे. तिथपर्यंत ६५४२ मूळ संख्या आहेत. दहा अंकी संख्येला हाताने ६५४२ वेळा भागायचे म्हणजे महिनोन्‌महिने गेले असते. गंमत अशी की तेवढे कष्ट पडलेच नसते. कारण जो भाजक निघतो तो क्रमाने केवळ ११६ वी मूळ संख्या आहे: ६४१.

हा भाजक शोधला लेओनार्ड ऑयलरने. सेंट पीटर्सबर्गमध्ये असताना १७२९ साली गोल्डबाख या गणितज्ञाने पत्र लिहून फर्माच्या या विधानाकडे त्याचे लक्ष वेधले. १७३२ मध्ये ऑयलरने उत्तर दिले:

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७.

हा गुणाकार फळ्यावर करून पाहावा. ६०० पट ४०२०२५०२००, ४० पट २६८०१६६८० आणि एकपट ६७००४१७. तिघांची बेरीज बरोबर जमते.

बाक्यांचे चक्र

ऑयलरला ६४१ सापडला कसा? त्याने नंतर दिलेली कारणमीमांसा पाहण्यासारखी आहे. तिच्यात हत्यार फर्माचेच वापरलेले आहे.

२ चे घात एखाद्या विषम मूळ संख्येने भागत गेलो तर बाक्यांचे चक्र तयार होते. ७ ने भागले तर बाक्या १, २, ४, आणि पुन्हा १; चक्राची लांबी ३. १७ ने भागले तर १, २, ४, ८, १६, १५, १३, ९, आणि पुन्हा १, लांबी ८. फर्माने त्याच १६४० साली असा नियम सांगितला होता की प ही विषम मूळ संख्या असेल तर २ च्या (प − १) व्या घाताला प ने भागल्यावर बाकी १ उरते. बाकी १ ही चक्र पूर्ण झाल्यावरच येते. म्हणून चक्राच्या लांबीने (प − १) ला पूर्ण भाग गेला पाहिजे. ७ साठी ३ ने ६ ला भाग जातो, १७ साठी ८ ने १६ ला. नियम जुळतो.

आता समजा, प या मूळ संख्येने ४२९४९६७२९७ ला भाग जातो. म्हणजे २ च्या ३२ व्या घाताला प ने भागले तर पूर्ण भागाला एक कमी पडतो. अशी बाकी −१ लिहिणे सोयीचे. तिचा वर्ग केला की ६४ व्या घाताची बाकी येते १. म्हणून चक्राची लांबी ही ६४ ची विभाजक आहे: १, २, ४, ८, १६, ३२ किंवा ६४. पण ६४ सोडून बाकीच्या सगळ्यांनी ३२ ला भाग जातो. लांबी त्यांपैकी असती तर ३२ व्या घाताची बाकीही १ आली असती. ती तर −१ आहे. म्हणून लांबी नक्की ६४, आणि ६४ ने (प − १) ला भाग जातो.

म्हणजे भाजक शोधायचा तो ६४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या मूळ संख्यांतच. त्या अशा: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१, … पाचव्या प्रयत्नात उत्तर हाती! ६५४२ भागाकारांचा डोंगर पाच भागाकारांवर आला. तर्काने किती श्रम वाचतात याचे याहून चांगले उदाहरण शालेय गणितात सापडणे कठीण.

यात आणखी सुधारणा करता येते. फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्यूका याने १८७८ मध्ये दाखवले की ६४ ऐवजी १२८ घेतले तरी चालते. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी याची सिद्धता करून पाहावी. २ च्या २४ व्या घातातून २ चा ८ वा घात वजा करा आणि उत्तराला म म्हणा. म चा वर्ग केला तर तीन पदे येतात: २ चा ४८ वा घात, उणे ३२ व्या घाताची दुप्पट, आणि अधिक १६ वा घात. पहिले आणि शेवटचे पद मिळून १६ व्या घाताची ४२९४९६७२९७ पट होते; तिला प ने भाग जातो. मधल्या पदात ३२ व्या घाताऐवजी −१ ठेवले की उरतात २. म्हणजे म च्या वर्गाची बाकी आणि २ ची बाकी एकच. मग म चा ६४ वा घात −१ बाकी देतो, १२८ वा घात १ देतो, आणि वरच्याच युक्तिवादाने म च्या चक्राची लांबी १२८ ठरते. फर्माचा नियम २ ऐवजी, प ने भाग न जाणाऱ्या कोणत्याही संख्येला लागू आहे. म्हणून १२८ ने (प − १) ला भाग जातो.

आता उमेदवार राहिले १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यांत मूळ संख्या दोनच: २५७ आणि ६४१. २५७ ने भागले तर २ चा ८ वा घात −१ देतो, म्हणून १६ वा आणि ३२ वा दोन्ही १ देतात आणि आपल्या संख्येची बाकी २ येते. मग उरला ६४१.

मोठी संख्या न लिहिता पडताळा

दहा अंकी भागाकार टाळूनही ६४१ तपासता येतो. २ पासून सुरुवात करा, वर्ग करा, ६४१ ने भागा आणि फक्त बाकी पुढे न्या. २ चा वर्ग ४, मग १६, मग २५६. २५६ चा वर्ग ६५५३६. ६४१ ने भागल्यावर बाकी १५४. १५४ चा वर्ग २३७१६, बाकी ६४०. पाच वेळा वर्ग केला म्हणजे ३२ वा घात झाला. बाकी ६४०, म्हणजेच −१. त्यात १ मिळवला की पूर्ण भाग गेला. सहावीचा मुलगासुद्धा हे पाच मिनिटांत करील. आजचे संगणक शेकडो अंकी संख्यांवर काम करताना याच युक्तीचा आधार घेतात.

भागाकारच नको असेल तर आणखी एक सुंदर वाट आहे. ६४१ कडे दोन तऱ्हांनी पाहता येते:

६४१ = ६२५ + १६ आणि ६४१ = ६४० + १.

२ च्या २८ व्या घाताला अ म्हणू. मग ३२ वा घात म्हणजे १६अ, आणि आपली संख्या १६अ + १. आता ६४० = ५ × १२८, आणि १२८ हा २ चा ७ वा घात. म्हणून ६४० चा चौथा घात = ६२५अ. त्यातून १ वजा केला तर (६४० चा वर्ग + १)(६४० + १)(६४० − १) असे अवयव पडतात. म्हणून (६२५अ − १) ला ६४१ ने भाग जातो. दुसरीकडे ६२५अ + १६अ = ६४१अ, यालाही ६४१ ने भाग जातो. दोघांची वजाबाकी करा:

६४१अ − (६२५अ − १) = १६अ + १.

हीच आपली संख्या.

दुसरा अवयव

६७००४१७ चे आणखी अवयव पडतात का? तिचे वर्गमूळ २५८८ च्या थोडे पुढे आहे. तिचा प्रत्येक मूळ अवयव हा मूळच्या संख्येचाही अवयव असणार, म्हणून तोही १२८ च्या पटीत १ मिळवूनच यायला हवा. २५८८ पर्यंत अशा मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. २५७ बाद झालीच आहे. उरलेल्या चारांनी भागले तर बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२ येतात. म्हणजे ६७००४१७ ही मूळ संख्या आहे. सत्तर लाखांच्या आसपासची संख्या मूळ असल्याची सिद्धता चार भागाकारांत!

फर्माचा नियम उलटा वापरला तर?

येथे एक धोका सांगायला हवा. मूळ संख्या असेल तर २ च्या चक्राची अट पाळली जाते. मग अट पाळणारी संख्या मूळ असते का? आपल्याच संख्येवर पाहू. तिने भागल्यावर ६४ व्या घाताची बाकी १ येते. तिच्यातून १ वजा केला की २ चा ३२ वा घात उरतो, आणि त्याला ६४ ने भाग जातो. म्हणून २ च्या बाबतीत ही संख्या फर्माच्या कसोटीला बिनतक्रार उतरते, आणि तरीही ती संयुक्त आहे! २ च्या जागी ३ घेतले तर मात्र तिचे बिंग फुटते. संख्या मूळ आहे अशी कसोटी लावताना एकाच पायावर विसंबू नये, ते यासाठी.

शेजारच्या संख्येचे वैभव

आपल्या संख्येपेक्षा दोनने लहान असलेली ४२९४९६७२९५ ही पटावरच्या पहिल्या ३२ घरांतल्या दाण्यांची बेरीज आहे. वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र पुन्हा पुन्हा वापरले की ती अशी उलगडते:

४२९४९६७२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७.

फर्माच्या पाचही मूळ संख्यांचा गुणाकार! यावरून हेही कळते की यांपैकी कोणतीही संख्या ४२९४९६७२९७ ला भागू शकत नाही. भागली असती तर दोघींतला फरक २, त्यालाही तिने भाग गेला असता.

या संख्येचा भूमितीशीही संबंध आहे. १७९६ साली अठरा वर्षांच्या गाउसने दाखवले की पट्टी आणि कंपास एवढ्यावर १७ बाजूंची सुसम बहुभुजाकृती काढता येते. बाजूंची संख्या विषम असेल, तर ती वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असली की रचना शक्य होते, हे त्याच्या १८०१ च्या ग्रंथात आहे. इतर विषम संख्यांसाठी ती शक्य नाही, याची सिद्धता वाँझेल याने १८३७ मध्ये दिली. ४२९४९६७२९५ चे १ सोडून ३१ विभाजक आहेत. तेव्हा आज माहीत असलेल्या अशा विषम बाजूंच्या आकृत्या ३१ च, आणि सर्वांत मोठी ४२९४९६७२९५ बाजूंची. फर्माची अटकळ खरी असती तर ही यादी कधी संपलीच नसती.

पुढे काय झाले?

सातवी फर्मा संख्या २० अंकी आहे: १८४४६७४४०७३७०९५५१६१७. पटावरच्या चौसष्ट घरांतल्या एकूण दाण्यांपेक्षा ती दोनने मोठी. १८८० मध्ये लांद्री याने तिचे २७४१७७ आणि ६७२८०४२१३१०७२१ हे अवयव शोधले. आठवी ३९ अंकी. तिचे अवयव १९७० मध्ये, तर ७८ अंकी नववीचे १९८० मध्ये मिळाले. १५५ अंकी दहावीसाठी १९९० साल उजाडले आणि शेकडो संगणक कामाला लावावे लागले.

सहावीपासून पुढच्या सलग २८ फर्मा संख्या संयुक्त असल्याचे आता सिद्ध झाले आहे. म्हणजे फर्माने पाहिलेल्या पाचांपुढे एकही मूळ संख्या अजून मिळालेली नाही. ३४ वीबद्दल, म्हणजे जिच्यात सुमारे २५८ कोटी अंक आहेत तिच्याबद्दल, अजून काहीच सांगता आलेले नाही. पाचच मूळ आहेत, असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्याचीही सिद्धता नाही, आणि फर्माला झालेला मोह याच जातीचा होता.

वर्गासाठी

मुलांना प्रथम ३, ५, १७, २५७ एवढ्याच संख्या द्याव्यात आणि 'पुढे काय?' असे विचारावे. बहुतेक वर्ग 'सगळ्या मूळ' असेच म्हणेल. मग ६४१ ची पाच वर्गांची युक्ती करून घ्यावी. शेवटी विचारावे: पटावरचे सगळे दाणे ६४१ जणांत सारखे वाटता येतील का? येतील. ती एकूण संख्या म्हणजे ४२९४९६७२९५ आणि ४२९४९६७२९७ यांचाच गुणाकार आहे.

आपल्याकडे चार उदाहरणे सोडवून 'म्हणून नियम असा' म्हणायची सवय फार लवकर लागते. विज्ञानात निरीक्षणांवरून नियम बांधावा लागतो, आणि नवे निरीक्षण येईपर्यंत तो टिकतो. गणितात मात्र उदाहरणे कितीही जुळली तरी ती केवळ अटकळीला बळ देतात. नियम ठरतो सिद्धतेनेच. अटकळ करणे वाईट नव्हे. फर्माने ती केली नसती तर ६४१ शोधायला कोणी गेलेच नसते. आपण मुलांना अटकळ करायला जरूर शिकवावे, पण तिच्यापुढे 'सिद्ध व्हायचे आहे' हे शब्द लिहायलाही शिकवावे.